गाळलेला परिच्छेद

“बिरूला का काढलंत?”

दारात एक मुलगी उभी होती. चपला धुळीनं माखलेल्या, कापडी पिशवी छातीशी धरलेली.

सम्मेदनं मान वर केली नाही. टेबलावर अंकाची पानं पसरली होती. “कोण बिरू?”

“माझा भाऊ.”

“मी कुणाला काढलेलं नाही. प्रवेशाचं काही असेल तर ऑफिस खाली आहे.”

“कथेतनं काढलंत.”

आता त्यानं वर पाहिलं.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या कॉलेजातले विद्यार्थी एक नियतकालिक काढत. त्याचं नाव ‘तिकटी’. सम्मेद शिरगुप्पे त्याचा संपादक. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. हुशार होता आणि समोरच्याला ते कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. खोलीच्या दारावर त्यानं पाटी लावून घेतली होती. वर त्याचं नाव, मग बरीच मोकळी जागा, मग बाकीच्यांची नावं.

ही मुलगी रेश्मा झोरे. पहिल्या वर्षाला होती. वरच्या धनगरवाड्यावरून रोज उतरून यायची. अंकासाठी दिलेल्या तिच्या कथेचं मुद्रित तिनं पाहिलं होतं.

“बस,” सम्मेद म्हणाला. “तुझी कथा चांगली आहे. म्हणून तर घेतली. पण बघ, आमच्याकडे कामं वाटलेली आहेत. पल्लवी उपसंपादक. आलेलं सगळं ती आधी वाचते, मुद्रितंही तीच तपासते. काय राहावं आणि काय जावं, ते मी ठरवतो.”

रेश्मा बसली नाही.

“दुसऱ्या पानावर तुझा बिरू करडू काढायला खाणीच्या पाण्यात उतरतो आणि बुडतो. बरोबर? आणि तिसऱ्या पानावर तोच बिरू संध्याकाळी घरी येतो, ओला शर्ट दोरीवर टाकतो. वाचकाला हे पटेल का?”

“पण त्यो टाकायचा.”

“कथेत.”

“घरात.”

खिडकीबाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. कुणीतरी आउट झाल्याचा आरडाओरडा झाला.

“म्हंजे दिसायचा न्हाई,” रेश्मा म्हणाली. “दिवस कलला की दोरी हलायची आन् खाली पाणी ठिबकायचं. आई म्हनायची, आला बग. मग आमी जेवायला बसायचो.”

सम्मेदनं हातातलं पान खाली ठेवलं. मग त्यानं संपादकाचा आवाज लावला. “हे बघ, तुझं दुःख मी समजू शकतो. पण...”

“तुमी त्ये पान काढल्यापास्नं येत न्हाई त्यो.”

सम्मेदची नजर टोपलीकडे गेली.

“आई दोरीकडं बगत बसती. त्यो आल्याबिगर जेवायचं न्हाई म्हनती. तेवढं पान परत द्या. छापू नगा. नुसतं द्या.”

ते पान सम्मेदनं मधोमध फाडून टोपलीत टाकलं होतं. टोपली रोज सकाळी रिकामी होत असे.

“तुझ्याकडे प्रत असेल ना?”

“एकदाच लिवलं हुतं.”

“मग पुन्हा लिही. पुढच्या अंकासाठी विचार करू.”

रेश्मा त्याच्याकडे पाहत राहिली. रागानं नव्हे. अनोळखी घरात शिरल्यावर आपण आत कोण आहे ते बघतो, तसं. मग ती गेली.

*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पल्लवी मगदूमनं विचारलं, “हे पाणी कुणी सांडलं?”

खोलीत खिडकीपासून कपाटापर्यंत एक दोरी बांधलेली होती. भित्तिपत्रकं वाळवायला. त्या दोरीखाली फरशीवर ओंजळभर पाणी साचलेलं होतं.

“छत गळत असेल,” सम्मेद म्हणाला.

“फेब्रुवारीत?”

दोघांनी वर पाहिलं. छत कोरडं होतं. दोरीही कोरडी. पल्लवीनं फडकं आणून पाणी टिपलं, फडकं नाकाशी नेलं आणि चटकन बाजूला केलं.

“शेवाळाचा वास येतोय,” ती म्हणाली. “आणि शेरडांचा.”

सम्मेद हसला. एकटाच.

संध्याकाळी तो मुद्रितं वाचत बसला असताना मागे थेंब पडला. त्यानं वळून पाहिलं. दोरी हलत होती. वारा नव्हता. त्याच्या पुढ्यातला कागद जागचा हलला नव्हता.

तो उठून दोरीपाशी गेला. हात वर केला... आणि खाली घेतला.

तिसऱ्या दिवशी त्यानं दोरी सोडून कपाटात कोंबली. दुपारी कपाटाच्या फटीतून पाणी बाहेर आलं.

पल्लवी म्हणाली, “मुजावर सरांकडे जा.”

“त्यात सर काय करणार?”

“मला माहीत नाही. पण मी आता या खोलीत एकटी बसणार नाही.”

*

इलाही मुजावर याच कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. ‘तिकटी’ त्यांनीच सुरू केलं होतं. आता गावाबाहेर दर्ग्याच्या मागे दोन खोल्यांत राहत. अंक निघायच्या आधी एकदा पोरं त्यांच्याकडे जात. सर पानं उलटत, चहा पाजत आणि बहुधा काहीच बोलत नसत. सम्मेदला वाटे, म्हातारा थकला.

सर ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. सम्मेदनं सगळं सांगितलं. सांगताना मधूनमधून तो हसत होता. सर हसले नाहीत.

“तू संपादक,” सर म्हणाले.

“हो, सर.”

“करतोस काय?”

“काय राहावं, काय जावं, ते ठरवतो.”

“जा म्हटलं की जातं? तिच्या घरातून काढलंस त्याला. मग तो बिचारा तुझ्याकडे आला. यात नवल काय?”

“सर, तुमचा यावर विश्वास आहे?”

सरांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. टरफलं बाजूला ठेवून त्यांनी दुसरी घेतली.

सम्मेद म्हणाला, “मी तो परिच्छेद परत घालतो. प्रेसला फोन करतो. झालं?”

“तुला पटला तो?”

“नाही.”

“मग घालू नको.”

“पण सर...”

“भ्यालास म्हणून घालशील. अशा वाक्यात कुणी राहायला येत नाही.”

“मग करू काय?”

दर्ग्याच्या आवारात कुणीतरी झाडत होतं. झाडू थांबेपर्यंत सर थांबले.

“उपसंपादक वाचते,” ते म्हणाले. “मुद्रितं तपासली जातात. तू ठरवतोस. तुमच्या या सगळ्या पदांत, पोरा, ऐकायचं काम कुणाकडे आहे?”

सर उठले. आत जाऊन टोपी घालून आले.

“पानं आणलीस ना? चल. दिवस कलायच्या आत वर पोचू.”

*

एसटीनं फाट्यापर्यंत गेले आणि तिथून चढ. सर हळू चालत, पण थांबत नव्हते. वाटेत डाव्या हाताला दगडाची जुनी खाण लागली. तळाशी पाणी होतं, हिरवं, हालचाल नसलेलं. काठावर एक करडू चरत होतं. त्याच्या गळ्यात घुंगरू होतं, पण ते वाजत नव्हतं.

सम्मेदनं तिकडं पुन्हा पाहिलं नाही.

झोऱ्यांचं घर शेवटचं. कुडाच्या भिंती, पुढं सारवलेलं अंगण. अंगणात एका मेढीपासून दुसऱ्या मेढीपर्यंत दोरी ताणलेली. दोरीवर काही नव्हतं. तिच्यासमोर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. गालफडं आत गेलेली. शेजारी झाकलेलं ताट.

रेश्मा बाहेर आली. दोघांना पाहून तिथंच थबकली.

“आई, मास्तर आल्यात. आन् त्ये... संपादक.”

बाईनं मान वळवली नाही. “म्हंजे कोन?”

सर खाली मांडी घालून बसले. “बाई, हा पोरगा गोष्ट वाचतो. तुमच्या लेकीनं लिहिलेली. ऐकाल?”

बाईची नजर दोरीवरच होती. सरांनी सम्मेदला खूण केली. बाईच्या समोर, दोरीकडं पाठ करून बस.

सम्मेद बसला. पानं उघडली. त्याच्या वाचनाला कविसंमेलनांतून टाळ्या पडत. त्याला आपला आवाज ठाऊक होता.

त्यानं वाचलं. डोंगर, शेरडं, उन्हात तापलेली खाण. करडू पाण्यात पडलं. बिरू कपड्यांसकट उतरला. करडू वर आलं.

तो थांबला. त्यानं बेतलेला शेवट तिथंच होता. त्या शेवटाचा त्याला अभिमान होता. *करडू वर आलं.* बस्स.

अंगण शांत होतं.

“आन्?” बाई म्हणाली.

सम्मेदनं पान उलटून पाहिलं.

“आन् मग?”

“इथं संपते कथा,” सम्मेद म्हणाला.

बाईनं पहिल्यांदाच त्याच्याकडं पाहिलं. “आशी कशी संपंल? त्यो घरला यायचाय आजून.”

सम्मेदनं सरांकडं पाहिलं. सर जमिनीकडं बघत होते. त्यानं रेश्माकडं पाहिलं. तिनं तोंडावर पदराचा बोळा धरावा तशी ओढणी धरली होती.

पान रिकामं होतं. आता जे सांगायचं ते त्यानंच टोपलीत टाकलं होतं. एकदाच वाचलं होतं, हातात लाल पेन धरून. कसंबसं आठवत होतं.

“संध्याकाळी...” तो म्हणाला. “संध्याकाळी बिरू घरी आला. ओला होता. त्यानं शर्ट काढला...”

“आदी करडू सोडलं,” बाई म्हणाली.

“आधी... आधी करडू सोडलं. मग शर्ट काढला. पिळला. आणि दोरीवर टाकला.”

मागे थेंब पडला.

दुसरा थेंब पडला. मग सावकाश, एकामागून एक. बाई त्याच्या खांद्यावरून पलीकडं पाहत होती आणि तिच्या चेहऱ्याचे स्नायू हळूहळू सैल होत होते.

त्याची मान वळू लागली.

“मागं बघू नको,” सर म्हणाले. “वाच.”

“संपलं, सर. एवढंच होतं.”

“मग सांग.”

“पुढचं मला माहीत नाही.”

“मागून ऐक. आणि सांग.”

सम्मेदनं डोळे मिटले. पाठीला गार लागत होतं. कुणी जवळ येऊन उभं राहिलं की लागतं तसं, पण गार. शेवाळाचा वास आला. शेरडांचा आला. त्याखाली आणखी एक वास होता, उन्हात दमलेल्या पोराच्या केसांना येतो तो.

त्याला रडू येत होतं की भीती वाटत होती, हे त्याला कळत नव्हतं.

“बिरू म्हणाला...” त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. “बिरू म्हणाला, आये, भूक लागलीया.”

बाईनं ताटावरचं झाकण काढलं. नाचणीची भाकरी मोडली. एक तुकडा समोर, सम्मेदच्या बाजूला मातीत ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात घातला. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जेवत होती.

रेश्मा आत पळाली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला.

सम्मेद डोळे मिटून बोलत राहिला. काय बोलला ते नंतर त्याला आठवलं नाही. सरांनी दंडाला धरून उठवलं तेव्हा झाडांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या होत्या.

“चल. सरळ चल. वळू नको.”

उतारावर सम्मेदनं विचारलं, “सर, तो होता?”

सर म्हणाले, “तू बोलत होतास. मी ऐकत होतो. बघायला कुणाला वेळ होता?”

*

खोलीतलं पाणी थांबलं.

सम्मेदनं प्रेसला फोन करून छपाई थांबवली. रेश्माला बोलावून घेतलं, खुर्ची पुढं केली आणि म्हणाला, “ते पान पुन्हा लिहिशील? मी एका अक्षराला हात लावणार नाही.”

“पटलं तुमाला?”

“मला माहीत नाही,” सम्मेद म्हणाला. “पण तो यायचा.”

रेश्मा पहिल्यांदा हसली.

तो बदलला होता. पल्लवीच्या ते लक्षात आलं होतं. पोरांच्या कविता तो आता मोठ्यानं वाचून घ्यायचा, लाल पेन बाजूला ठेवून. परत करायच्या लिखाणावर नुसता ‘साभार परत’चा शिक्का न मारता लिहिणाऱ्याला बोलावून तासभर बसायचा. दारावरची पाटीही त्यानं उतरवली. हॉस्टेलवरची पोरं त्याला हसायची, पण पूर्वीपेक्षा जास्त त्याच्यापाशी येऊन बसायची.

एकच गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. संध्याकाळी त्याला भूक लागत नव्हती. मेसमध्ये ताटावर बसलं की पोट भरलेलं असायचं. तोंडात नाचणीच्या भाकरीची चव असायची. मेसमध्ये नाचणी कधीच नसे.

रेश्मानं पान आणून दिलं ते पल्लवीकडं. पल्लवीनं ते वाचलं, शुद्धलेखन तपासलं आणि सम्मेदपुढं ठेवलं.

“वाचलंस?” त्यानं विचारलं.

“वाचलं.” ती त्याच्याकडं बघत नव्हती. “चूक एकही नाही.”

ती लगेच बाहेर गेली.

सम्मेदनं वाचलं. बिरू येतो. करडू सोडतो. शर्ट पिळून दोरीवर टाकतो. सगळं तसंच होतं. पण खाली चार नव्या ओळी होत्या.

*आता बिरूसोबत आणखी एक जण येतो. तो दोरीकडं पाठ करून बसतो आणि बोलत राहतो. आई त्यालाही वाढते. रोज उठताना तो मागं बघायला मान वळवतो आणि रोज अर्ध्यात थांबतो.*

त्यानं रेश्माला जिन्यात गाठलं. “हे काय लिहिलंयस?”

“जे हाय ते.”

“मी त्या एका दिवशी आलो होतो.”

“रोज येता की. आईला बरं वाटतं. बिरूला बी.”

“मी रोज संध्याकाळी हॉस्टेलवर असतो, रेश्मा. विचार कुणालाही.”

“असाल की,” रेश्मा म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. “आमी कुटं न्हाई म्हनतोय?”

घंटा झाली. ती वर्गात गेली.

*

मुजावर सर ओट्यावरच होते. उन्हं अजून होती, पण तिरपी झाली होती.

सम्मेदनं पान त्यांच्यापुढं धरलं. सरांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग परत पहिल्यापासून. मग पान मांडीवर ठेवलं.

“चांगलं लिहिते पोरगी.”

“सर, प्रेस उद्यापर्यंतच थांबणार आहे.”

“हं.”

“बिरूचं सगळं ठेवतो. अक्षरही बदलत नाही. फक्त या शेवटच्या ओळी...”

“हं.”

“बिरूच्या गोष्टीत त्यांची गरज नाही, सर. त्या माझ्याविषयी आहेत.” त्याच्या तोंडात आत्ताच भाकरीची चव आली होती. “एवढ्या गाळल्या... तर चालेल ना?”

सर त्याच्या चेहऱ्याकडं पाहत राहिले. मायेनं, आणि थोडं घाबरूनही.

डोंगरावर ऊन पिवळं होत चाललं होतं.

सरांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. पान सम्मेदच्या हातात दिलं आणि त्यावर पेन ठेवलं.

“बिरूला गाळलंस, तो तुझ्याकडे आला. आता स्वतःला गाळून बघ.”